ठरलेल्या रकमेत लॅपटॉपची निवड
पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या ग्रामीण विद्यार्थ्यांसाठी

मुरबाड तालुक्यातील म्हसा हे गाव पौष पौर्णिमेला भरणाऱ्या म्हसोबाच्या यात्रेसाठी आणि त्या निमित्ताने भरणाऱ्या बैलबाजारासाठी प्रसिद्ध आहे. या बाजारात आलेला जाणता शेतकरी बैलाच्या शिंगांना लावलेल्या रंगाकडे पाहून सौदा करीत नाही. तो बैलाचे दात पाहतो, खांदा चाचपतो, खूर तपासतो आणि चार पावले चालवून चाल पारखतो. भाताच्या चिखलणीसाठी बैल हवा की गाडीसाठी, हे त्याने घरून निघतानाच ठरविलेले असते. कनवटीला असलेल्या रकमेचेही त्याला भान असते. ही खरेदी चुकली तर पुढचा हंगाम अडचणीत येणार, हे तो जाणून असतो.

याच परिसरातील अनेक घरांपुढे आता एक नवी खरेदी उभी राहिली आहे. शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतील मुले-मुली पदवी संपादन करून एम.ए., एम.कॉम., एम.एस्सी. यांसारख्या अभ्यासक्रमांना प्रवेश घेऊ लागली आहेत. त्यांपैकी कित्येक जण आपल्या घरातील पहिलेच पदवीधर आहेत. पदव्युत्तर अभ्यासात निबंध, प्रकल्प-अहवाल, सादरीकरण आणि प्रबंध हे अटळ असते. भ्रमणध्वनीवर व्याख्यान ऐकता येते, लहानसे टिपण वाचता येते. परंतु शंभर पानांचा प्रबंध त्यावर सिद्ध करणे दुष्कर होय. त्यामुळे लॅपटॉप ही आता अभ्यासाची गरज बनली आहे.

या खरेदीचा भार किती, हे भाताच्या मापाने पाहिले म्हणजे चटकन ध्यानी येते. खरीप पणन हंगाम २०२५-२६ साठी केंद्र शासनाने साधारण प्रतीच्या भाताची आधारभूत किंमत क्विंटलला २,३६९ रुपये ठरविली. या दराने ४५,००० रुपये म्हणजे १९ क्विंटल भाताचे मोल. लहान खातेदाराच्या घरात इतकी रक्कम एका वस्तूवर वारंवार घालता येत नाही. यास्तव ही निवड पहिल्याच वेळी योग्य व्हावयास हवी. ४५,००० रुपये ही रक्कम गृहीत धरून ती कशी करावी, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. रक्कम याहून कमी वा अधिक असली तरी विचाराची पद्धत तीच राहील.

आधी काम, मग यंत्र

दुकानात गेल्यावर विक्रेता प्रथम यंत्र दाखवितो. खरेदीदाराने मात्र प्रथम आपले काम पाहावे. मराठी, इतिहास, राज्यशास्त्र किंवा समाजशास्त्र यांच्या विद्यार्थ्याचे काम मुख्यतः लेखन, वाचन आणि संदर्भ शोधणे हे असते. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला मोठे तक्ते आणि हिशेबाच्या आज्ञावली लागतात. या दोघांनाही साधारण क्षमतेचे यंत्र पुरते. भूगोलाच्या विद्यार्थ्याला नकाशे हाताळावे लागतात, संख्याशास्त्राच्या व संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्याला मोठी आधारसामग्री आणि आज्ञावली-लेखन. त्यांना अधिक स्मृतीची गरज असते. वास्तुरचना, त्रिमिती आरेखन किंवा सचेतपट यांसाठीच चित्रप्रक्रियेचा स्वतंत्र भाग, म्हणजे ग्राफिक कार्ड असलेले यंत्र लागते. खेळांसाठी बनविलेले असे यंत्र दिसावयास आकर्षक असले, तरी ते जड असते, वीज अधिक खाते आणि त्याची बॅटरी लवकर उतरते.

म्हणून खरेदी प्रवेशाच्या आधी न करता प्रवेश निश्चित झाल्यावर करावी. आपल्या विभागातील प्राध्यापकांना आणि वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांना तीन प्रश्न विचारावेत: कोणत्या आज्ञावली वापराव्या लागतात, त्या विंडोजवरच चालतात काय आणि जड काम करण्यासाठी विभागाची संगणक प्रयोगशाळा उपलब्ध आहे काय? प्रयोगशाळेची सोय असेल तर वर्षातून चार-सहा वेळा लागणाऱ्या क्षमतेसाठी स्वतःचे पैसे गुंतविण्याचे कारण उरत नाही. पहिले काही आठवडे महाविद्यालयाच्या संगणकावर काम भागवून, गरज नीट समजल्यावर केलेली खरेदी अधिक डोळस ठरते.

बदलता येणारे आणि न येणारे

ठरलेल्या रकमेत सर्वच गोष्टी उत्तम मिळत नाहीत. काही तरी सोडावे लागते. काय सोडावे, यासाठी एक सोपा नियम सांगता येईल: जो भाग पुढे बदलता येत नाही, त्यावर आज पैसे खर्च करावेत, जो भाग पुढे वाढविता येतो, तो आज बेताचा घेतला तरी चालेल.

प्रक्रियक म्हणजे प्रोसेसर, पडदा, कळफलक आणि यंत्राचे वजन या गोष्टी खरेदीनंतर व्यवहारतः बदलता येत नाहीत. उलट, अनेक यंत्रांत स्मृती म्हणजे रॅम आणि साठवण वाढविण्यासाठी जागा ठेवलेली असते. मात्र काही पातळ यंत्रांत रॅम मूळ पाटीवरच डाखलेली असते आणि ती कधीही वाढविता येत नाही. म्हणून ‘रॅमसाठी मोकळी खाच आहे काय?’ हा प्रश्न खरेदीपूर्वी अवश्य विचारावा. खाच नसेल, तर पुढील चार-पाच वर्षांना पुरेल इतकी रॅम आजच घेणे भाग आहे. २०२५ च्या अखेरीस स्मृती-चिपांचे भाव जगभर चढले, हेही ‘नंतर वाढवू’ असे म्हणताना विसरू नये.

यंत्राचे दात कसे पाहावेत

बैलाचे वय दातांवरून कळते, तसे यंत्राचे वय प्रक्रियकाच्या पिढीवरून कळते. इंटेल कंपनीच्या ‘कोअर आय’ मालिकेत आय-३, आय-५, आय-७ अशा पायऱ्या होत्या आणि पुढील आकड्याच्या आरंभी पिढी दिलेली असे. उदाहरणार्थ, ‘आय-३ १२१५यू’ हा बाराव्या पिढीचा, तर ‘आय-७ ६६००यू’ हा सहाव्या पिढीचा. नावात ‘सात’ असला तरी हा दुसरा प्रक्रियक पहिल्याहून पुष्कळ मागे आहे. केवळ ‘आय-७ आहे’ एवढ्यावर भुलून जुने यंत्र घेणे, हे शिंगांच्या रंगावरून बैल घेण्यासारखेच होय. नव्या मालिकांत नावांची पद्धत बदलली आहे आणि एएमडी कंपनीच्या रायझन प्रक्रियकांची पद्धत निराळी आहे. म्हणून प्रक्रियकाचे पूर्ण नाव कागदावर उतरवून घ्यावे आणि तो कोणत्या वर्षी बाजारात आला, हे पडताळून पाहावे.

रॅमच्या बाबतीत विंडोज ११ ची किमान अट ४ जीबी आहे. परंतु किमान अट म्हणजे सुखाने चालण्याची हमी नव्हे. लेखन-वाचनासाठी ८ जीबी आणि नकाशे, आधारसामग्री किंवा आज्ञावली-लेखन यांसाठी १६ जीबी हे माप धरावे. साठवणीसाठी फिरत्या तबकडीऐवजी एसएसडी असणे अत्यावश्यक मानावे. तिच्यात फिरणारा भाग नसतो. त्यामुळे ती वेगवान असते आणि प्रवासातील धक्के सहन करते. ५१२ जीबीची एसएसडी बहुतेकांना पुरेशी ठरते. अत्यंत स्वस्त यंत्रांत ६४ जीबीची मंद साठवण दिलेली असते. तीत विंडोज आणि तिच्या सुधारणाच जेमतेम मावतात. अशी यंत्रे कटाक्षाने टाळावीत.

पडद्याकडे खरेदीदाराचे सहसा दुर्लक्ष होते. प्रत्यक्षात दोन-तीन वर्षे दररोज तासन् तास डोळ्यांसमोर राहावयाचा तो हाच भाग. १९२० गुणिले १०८० बिंदूंचा, आयपीएस प्रकारचा आणि चकाकी नसलेला पडदा घ्यावा. देवनागरीतील काना-मात्रा, अनुस्वार आणि जोडाक्षरे स्पष्ट दिसण्यासाठी बिंदूंची ही घनता उपयोगी पडते. दुकानात यंत्रावर चित्रफीत पाहण्याऐवजी मराठी मजकुराचे एक पान उघडून पाहावे आणि पाच-दहा ओळी स्वतः टंकून कळफलकाची पारख करावी.

वीज, प्रवास आणि पाऊस

शहरातील विद्यार्थ्याला न भासणाऱ्या काही गरजा या भागातील विद्यार्थ्याला भासतात. पावसाळ्यात वादळवाऱ्याने वीजपुरवठा खंडित होणे ग्रामीण भागात नवीन नाही. यासाठी बॅटरीची क्षमता पाहावी. जाहिरातीत ‘दहा तास’, ‘बारा तास’ असे आकडे असतात. त्यांऐवजी वॉट-तासांचा आकडा विचारावा. साधे लेखन करताना यंत्र ताशी सुमारे ७ वॉट-तास वीज वापरते असे धरल्यास ४२ वॉट-तासांची बॅटरी सहा तास चालेल. पडद्याचा उजेड वाढविल्यास किंवा चित्रफिती पाहिल्यास ही वेळ घटेल. वीज येता-जाता होणाऱ्या दाबाच्या चढउतारापासून बचाव व्हावा म्हणून स्पाइक गार्ड वापरावा आणि घरातील अर्थिंग तपासून घ्यावे.

दुसरी गोष्ट प्रवासाची. म्हसा येथील विद्यार्थ्याला मुरबाडमार्गे एस.टी.ने कल्याण गाठावे लागते. तेथून मुंबईचे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस लोकलने सुमारे ५४ किलोमीटर आहे. शहापूरचा विद्यार्थी आसनगाव स्थानकावरून कसारा मार्गाची लोकल पकडतो. गर्दीच्या वेळी पाठीवर पुस्तके आणि डबा यांबरोबर अडीच किलोचे यंत्र वागविणे त्रासाचे होते. रोज ये-जा करणाऱ्याने दीड किलोच्या आसपासचे १४ इंची यंत्र पसंत करावे. वसतिगृहात राहणाऱ्याला १५.६ इंची पडद्याची मोकळीक घेता येईल. यूएसबी-सी द्वारे प्रभारित होणारे यंत्र असल्यास चार्जर सुटसुटीत मिळतो, ही आणखी एक सोय. पावसाळ्यासाठी जलरोधक आवरण हवेच.

नवे की वापरलेले?

मोठ्या कंपन्या आपल्या कर्मचाऱ्यांना दिलेली यंत्रे काही वर्षांनी विकून टाकतात. दुरुस्त करून बाजारात येणारी ही यंत्रे बांधणीला मजबूत असतात आणि त्यांची किंमतही बेताची असते. ज्याच्याजवळ रक्कम थोडी आहे, त्याच्यासाठी अत्यंत स्वस्त नव्या यंत्रापेक्षा असे चांगले वापरलेले यंत्र अनेकदा उजवे ठरते. तथापि येथे सावधगिरी दुप्पट हवी.

विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप आणि, काही अपवाद वगळता, इंटेलची आठवी पिढी किंवा रायझन २००० मालिका अथवा त्यांनंतरचा प्रक्रियक लागतो. याहून जुने यंत्र स्वस्तात मिळाले तरी विंडोजसाठी ते घेऊ नये. यंत्र सुरू करून सर्व कळा, कॅमेरा, ध्वनिग्राहक, वाय-फाय, जोडणीच्या खाचा आणि बिजागऱ्या तपासाव्यात. विंडोजमध्ये बॅटरीचा अहवाल काढण्याची सोय आहे. त्यात मूळ क्षमता आणि आजची क्षमता शेजारी शेजारी दिसतात. आजची क्षमता निम्म्यावर आली असेल तर नव्या बॅटरीचा खर्च किमतीतून वजा करून सौदा करावा. यंत्रावर पूर्वीच्या कंपनीचा परवलीचा शब्द किंवा कुलूप शिल्लक नाही, याची खात्री करावी. पावतीवाचून असे यंत्र मुळीच घेऊ नये. चोरीचा माल गळ्यात पडण्याचा धोका त्यात असतो.

आज्ञावली आणि मराठी

यंत्राच्या किमतीत आज्ञावलींचा खर्च दडलेला असू शकतो. हा खर्च पुष्कळ अंशी टाळता येतो. लेखन व तक्त्यांसाठी लिब्रेऑफिस, संख्याशास्त्रासाठी ‘आर’, नकाशांसाठी क्यूजीआयएस, संदर्भसूचीसाठी झोटेरो ही साधने विनामूल्य आणि कायदेशीर आहेत. उबुंटूसारखी लिनक्स प्रणालीही विनामूल्य मिळते आणि ती थोड्या जुन्या यंत्रावरही सुरळीत चालते. मात्र विभागाला लागणाऱ्या आज्ञावली तीवर चालतात काय, हे आधी पाहावे. चोरीच्या आज्ञावलींबरोबर विषाणू येण्याची भीती असते आणि वर्षभराचे लेखन एका दिवसात नष्ट होऊ शकते.

मराठीतून प्रबंध लिहिणाऱ्याने प्रारंभापासून युनिकोडमध्येच लिहावे. जुन्या, युनिकोडपूर्व टंकांत केलेले लेखन दुसऱ्या संगणकावर अनेकदा अगम्य दिसते. इनस्क्रिप्ट कळफलक विंडोज आणि लिनक्स या दोहोंत अंगभूत आहे. त्यासाठी निराळे पैसे पडत नाहीत. २००१ पासून एमएस-सीआयटी अभ्यासक्रमाने संगणकाची तोंडओळख खेड्यापाड्यांत पोहोचविली. त्या ओळखीला मराठी टंकलेखनाच्या सरावाची जोड दिल्यास प्रबंधाच्या टंकलेखनावर होणारा खर्चही वाचेल. शोधगंगेवरील प्रबंध आणि राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालयातील पुस्तके वाचण्यासाठी तर साधे यंत्र आणि इंटरनेटची जोडणी एवढेच पुरते.

रकमेची वाटणी

हाती ४५,००० रुपये असतील तर ते सर्व यंत्रावरच घालवू नयेत. उदाहरणादाखल पुढील वाटणी करता येईल: यंत्रासाठी ४०,०००, वाढीव हमीसाठी २,०००, लेखनाची दुसरी प्रत ठेवण्यासाठी पेनड्राइव्हला १,०००, पिशवी व पावसाळी आवरण यांसाठी १,०००, स्पाइक गार्ड व माऊस यांसाठी १,०००. दुकानागणिक हे आकडे थोडे बदलतील. परंतु रकमेचा नववा-दहावा भाग संरक्षणासाठी राखणे, हे तत्त्व कायम ठेवावे. प्रबंधाची एक प्रत यंत्रात, दुसरी पेनड्राइव्हवर आणि तिसरी ईमेलवर वा इंटरनेटवरील साठवणीत असावी. यंत्र पुन्हा घेता येते. हरवलेले संशोधन पुन्हा लिहिण्यास वर्ष लागते.

‘बिनव्याजी हप्ते’ घेण्यापूर्वी रोखीची किंमत विचारून पाहावी. रोखीने मिळणारी सूट हप्त्यांत सोडावी लागत असेल आणि प्रक्रिया-शुल्कही पडत असेल, तर ते दोन्ही मिळून व्याजच होय.

पैशांची सोय सर्वस्वी घरातूनच व्हावी असे नाही. बँकांच्या आदर्श शैक्षणिक कर्ज योजनेत, अभ्यासक्रम पूर्ण करण्यास आवश्यक असल्यास संगणकाच्या वाजवी किमतीचा समावेश करता येतो. कर्जाचा अर्ज करतानाच ही बाब खर्चाच्या पत्रकात दाखवावी. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्त्यांचे अर्ज महाडीबीटी संकेतस्थळावर करावयाचे असतात. वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जमातींच्या विद्यार्थ्यांसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजना, तर अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. आदिवासी विद्यार्थ्यांना शहापूर येथील एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयात माहिती घेता येईल. या योजनांतील रकमा प्रामुख्याने निवास, भोजन व शैक्षणिक निर्वाहासाठी असतात, हे लक्षात ठेवून त्यांच्या भरवशावर यंत्राची खरेदी आधीच ठरवू नये.

पावती आणि ग्राहकाचा हक्क

लॅपटॉपवर १८ टक्के वस्तू व सेवा कर आहे. ४०,००० रुपयांच्या किमतीत सुमारे ६,१०० रुपये हा कर असतो. ‘पावती नको असेल तर स्वस्त देतो’ असे सांगणारा विक्रेता हा कर तर बुडवितोच, शिवाय ग्राहकाचा हमीचा आणि तक्रारीचा आधारही काढून घेतो. पावतीवर यंत्राचा अनुक्रमांक लिहिलेला असावा. लॅपटॉप आणि त्याचा चार्जर या दोहोंना भारतीय मानक ब्युरोची नोंदणी सक्तीची आहे. ते चिन्ह पाहून घ्यावे. कंपनीचे अधिकृत सेवाकेंद्र कल्याण वा ठाणे येथे आहे काय, हेही विचारावे. दुरुस्तीसाठी दर वेळी मुंबईला खेप घालावी लागल्यास प्रवास आणि बुडालेला दिवस यांचा भुर्दंड पडतो.

दोष निघाल्यास आणि विक्रेत्याने दाद न दिल्यास १९१५ या राष्ट्रीय ग्राहक साहाय्यवाणीवर मराठीतूनही तक्रार करता येते. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ हा २० जुलै २०२० पासून अमलात आला. त्यानुसार ग्राहकाला आपण जेथे राहतो वा काम करतो तेथील जिल्हा आयोगाकडे दाद मागता येते. विक्रेता बंगलोरचा असो वा दिल्लीचा, म्हशाच्या विद्यार्थ्याने ठाण्याच्या आयोगाकडे जावे, इतकी ही तरतूद सोयीची आहे. पाच लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीसाठी तक्रारीला शुल्क नाही. मुदत मात्र तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची आहे.

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० मध्ये ‘टिफ्रॅक’ हा देशी बनावटीचा संगणक कार्यान्वित झाला, तेव्हा त्याचा उपयोग मूठभर शास्त्रज्ञांपुरताच होता. आज त्याहून कैक पटींनी समर्थ असे यंत्र शेतकऱ्याच्या मुलीच्या पाठीवरील पिशवीत मावते. ते सर्वांत महाग असण्याची आवश्यकता नाही. तिचा अभ्यास, तिचा प्रवास, तिच्या गावची वीज आणि घरची ऐपत या चारही गोष्टींशी त्याचा मेळ बसला, आणि ते पदवी हाती पडेपर्यंत विनातक्रार चालले, म्हणजे १९ क्विंटल भाताचे चीज झाले असे समजावे.